मिटल्या डोळ्यांची गोलकीपर

मॅडम पहिल्यांदा मैदानावर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेन नव्हतं, आणि मला तिथेच शंका आली. जो माणूस प्रश्न विचारतो पण उत्तरं लिहून घेत नाही, तो ती कुठेतरी दुसरीकडे ठेवत असणार. आमच्या घरात डॉक्टर, इन्स्पेक्टर, बँकवाले, सगळ्यांकडे बघायची ही रीतच होती. समोर बसून लिहिणारा परवडला, कारण काय लिहितोय ते निदान वाकून बघता येतं.

कोच सरांनी आम्हा सगळ्या मुलींना गोलपोस्टमागच्या सावलीत बसवलं आणि सांगितलं, "ये मैडम खिलाड़ियों के मन पर काम करती हैं. हफ्ते में दो बार आएँगी." मुली खुसखुसल्या. आमच्याकडे नळावर काम व्हायचं, छतावर काम व्हायचं, मनावर काम हे नवीनच होतं. मी हसले नाही. राज्याच्या संघाची निवड काही महिन्यांवर आली होती, टीम बरी खेळत होती, कुणी रडत नव्हतं की भांडत नव्हतं. मग नेमक्या याच वेळी मनात डोकावणारं माणूस आणून बसवायचं कारण काय? हा योगायोग मला पटला नाही.

मला घाबरायला कारण होतं. मी आमच्या अकॅडमीच्या मुलींच्या संघाची गोलकीपर होते आणि कॉर्नरच्या वेळी माझे डोळे मिटायचे.

म्हणजे मी मिटत नव्हते, ते आपोआप मिटायचे. कोपऱ्यातून बॉल उंच यायचा, समोर दहा जणींची झुंबड उडायची, मी हात वर करून उडी मारायची आणि नेमकी त्या वेळी पापणी पडायची. उघडेपर्यंत बॉल एक तर माझ्या हातात असायचा नाहीतर जाळीत. आदल्या हंगामात एका मॅचमध्ये समोरच्या संघातल्या मुलीचं कोपर माझ्या भुवईवर बसलं होतं. टाके पडले, ग्लोव्हज रक्ताने भरले, आईने महिनाभर हळद लावली आणि जखम भरून आली. सरळ येणारा शॉट मी उघड्या डोळ्यांनी अडवायची. पेनल्टी उघड्या डोळ्यांनी घ्यायची. फक्त कॉर्नरचं हे असं झालं होतं. माझी उंची चांगली, हात लांब, त्यामुळे पुष्कळदा बॉल अंदाजानेच सापडायचा. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती आणि ती कुणाला कळलेली नाही याची मला पक्की खात्री होती. तोंड वर असतं, गर्दी असते, पापणीचा खेळ तो कितीसा, कोण बघणार? राज्याच्या संघात जाईपर्यंत एवढं झाकून न्यायचं असं मी ठरवलं होतं.

अकॅडमी नव्या रायपूरला होती. तिथे रस्ते रुंद आणि बस क्वचित, त्यामुळे घरी पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. आजोबा विदर्भातून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले, आणि बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. कागदावर लोको पायलट म्हणतात, कॉलनीत ड्रायव्हरच म्हणतात. मॅडमबद्दल मी जेवताना सहज सांगितलं. खेळाडूंचं मन तपासणाऱ्या बाई आहेत, प्रत्येकीशी एकटीशी बोलणार आहेत. बाबांचा घास हातातच राहिला.

"सायको?" ते म्हणाले.

"पता नहीं बाबा. मन का कुछ है."

"मराठीत बोल. अन् नीट आयक. हे सायकोच आहे."

रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर एक मानसिक चाचणी असते. तिला सगळे सायको म्हणतात. कॉलनीत कुणाचा मुलगा लेखी पास झाला तर लोक अभिनंदन करत नाहीत, "सायको निघाली का?" म्हणून विचारतात. त्यात नापास झालेला माणूस कितीही हुशार असला तरी इंजिनात चढत नाही. बाबांच्या बरोबरचा एक जण लेखी परीक्षेत त्यांच्या पुढे होता. सायकोच्या प्रश्नांत त्याने खरं खरं लिहून टाकलं की कधी कधी झोपेतून दचकून जाग येते.

"मग?"

"मग काय? पंडरीच्या बाजारात कपडे विकून राहिला. सायकोत खरं बोलाचं नसते."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी माझी तयारी सुरू झाली. बाबा ड्यूटीवरून आले, आंघोळ करून बनियनवर खाटेवर बसले की मला समोर बोलवायचे. ते मॅडम व्हायचे, मी मी व्हायची. झोप कशी लागते? छान लागते. राग येतो का? येतो, पण लगेच जातो. भीती वाटते का? इथे मी पहिल्या दिवशी झटकन नाही म्हटलं आणि बाबांनी कपाळावर हात मारला.

"एकदम नाई म्हननाऱ्यावर त्याहिले डाऊट येते. थोडी वाटते, पन शिट्टी वाजली का जाते, असं म्हनाचं. अन् ध्यानात ठेव, एकच प्रश्न दोन जागी येते, तोंड बदलून. एखादा प्रश्न तर निस्ता फसवाले टाकलेला असते. त्यात लय जन जातात."

आई भाजी चिरत ऐकायची. "अवो, पोट्टी फुटबॉल खेळाले चालली, तुमच्यासारखं इंजिन हाकाले नाई," ती म्हणायची. पण थोड्या वेळाने तीही रंगात यायची आणि मॅडमच्या आवाजात विचारायची, "घरी आईचं आयकते का? भांडे घासते का?" त्याचं उत्तर बाबांनी कधी तयार करून दिलं नाही.

मी बाबांनाही डोळ्यांचं सांगितलं नव्हतं, हे इथे सांगून टाकते. ते मला बिनचूक पोरगी समजून तयार करत होते.

माझा नंबर आला तेव्हा मॅडम सामानाच्या खोलीत बसल्या होत्या. जाळ्या, शंकू, हवा भरायचा पंप आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. टेबल नाही, कागद नाही. माझ्याकडे बघून त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "घरी मराठीच बोलता ना तुम्ही?"

मी सावध झाले. अकॅडमीत मी कुणाशीच मराठी बोलत नव्हते. मग हिला कुणी सांगितलं? आणि सांगितलंच असेल, तर आणखी काय काय सांगितलं? आपल्या भाषेत विचारलं की माणूस ढिला पडतो हे कोणत्याही हवालदाराला ठाऊक असतं. मी हिंदीतच उत्तर दिलं, "हाँ, थोड़ा-थोड़ा."

पुढचं सगळं बाबांनी घोटून घेतल्यासारखं झालं. झोप, राग, भीती. भीतीला मी थोडं थांबले, जमिनीकडे बघितलं आणि म्हटलं की थोडी वाटते, पण शिट्टी वाजली की जाते. मॅडम मान हलवत होत्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो आमच्या तयारीत नव्हता. "खेळत नसतेस तेव्हा काय करतेस?"

हाच तो फसवा प्रश्न, असं माझ्या मनाने घेतलं. "सोती हूँ," मी म्हटलं, आणि झोपेचा नियम आठवून घाईने जोडलं, "अच्छे से."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण मला ते हसू आवडलं नाही. "कधी काही बोलावंसं वाटलं तर मी इथेच असते," एवढंच म्हणून त्यांनी मला सोडलं. निकाल नाही, शेरा नाही. घरी येऊन मी सांगितलं की सगळी उत्तरं बरोबर दिली. संध्याकाळी बाबा शेजारच्या काकांना अंगणाच्या कुंपणाशी उभं राहून सांगत होते, "पोट्टीनं सायको काढली."

एवढं झाल्यावर मला शांत वाटायला हवं होतं. उलट मला सगळीकडे काहीतरी शिजतंय असं वाटायला लागलं. सगळ्यात जास्त संशय होता आमच्या स्टॉपरवर, म्हणजे बचावात मधोमध खेळणाऱ्या मुलीवर.

ती दुर्गच्या पुढच्या एका गावातली, हॉस्टेलला राहायची. माझ्या पुढ्यात तीच खेळायची. तिला एक खोड लागली होती. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला की ती माझ्याजवळ सरकायची आणि बॉलला लाथ बसायच्या ऐन आधी माझ्या कानाशी ओरडायची, "देख ओ!" दर कॉर्नरला. छत्तीसगढीत बाईमाणसाला ओ म्हणतात, त्यात अपमान काही नाही. पण मला तो वाटायचा. मैदानावर ओरडायचं काम गोलकीपरचं असतं, कारण तिला सगळं समोर दिसतं. स्टॉपरने गोलकीपरला बघ म्हणून सांगायचं म्हणजे काय? मी काय तिथे झोपा काढायला उभी होते? मला वाटलं, हिला कॅप्टन व्हायचंय. निवड करणारे आले की त्यांच्या कानावर हिचा आवाज पडावा म्हणून आतापासून गळा तयार करते आहे.

त्यात एकदा मी तिला आणि मॅडमना पाण्याच्या कूलरजवळ बोलताना पाहिलं. मी मुद्दाम जवळ गेले. त्या गप्प झाल्या असत्या तर माझी खात्री पटली असती. पण त्या गप्प झाल्या नाहीत, गावाकडच्या भाताबद्दल बोलत राहिल्या. इतक्या सफाईने विषय बदलणाऱ्या बायका मी पाहिल्या नव्हत्या.

शेवटी मी कोच सरांकडे तक्रार केली. म्हटलं, सर, ती माझ्या कानात ओरडते, माझं लक्ष जातं, तिला सांगा. सरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चिल्लाने दे." बस. त्या दिवसापासून मी सरांवरही नजर ठेवायला लागले.

असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. एका सरावाच्या मॅचमध्ये कॉर्नर आला, स्टॉपर किरकोळ दुखापतीमुळे बाहेर बसली होती, आणि बॉल माझ्या हातांवरून निघून दुसऱ्या खांबाजवळ एका मुलीच्या डोक्यावर गेला. गोल. मी उन्हाचं नाव सांगितलं. ऊन माझ्या पाठीकडून होतं, पण कुणी काही बोललं नाही. उत्तरार्धात स्टॉपर परत आली आणि पहिल्याच कॉर्नरला कानाशी आली. "देख ओ!" मी तिला कोपराने ढकललं. मॅच संपल्यावर सगळ्या बूट काढत बसल्या होत्या, तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तू हर बार मेरे कान में क्यों चिल्लाती है? गोलकीपर तू है कि मैं?"

तिने वर बघितलं. तिला राग आला होता की कंटाळा, मला आजही सांगता येणार नाही. "तैं आँखी मूँद लेथस," ती म्हणाली. तू डोळे मिटून घेतेस. "त चिल्लाहूँ नहीं का?"

 इतके महिने झाकलेली गोष्ट सगळ्यांसमोर उघडी पडली होती. आता सगळ्या माझ्याकडे वळून बघणार, कुणीतरी "क्या?" म्हणून ओरडणार, म्हणून मी वाट बघत राहिले. कुणीच वळलं नाही. एक जण मोजे झटकत होती, ती झटकत राहिली. दुसरीने पाण्याची बाटली पुढच्या मुलीला दिली. कुणाला आश्चर्यच वाटलं नव्हतं, आणि तिथे मला खरं काय ते कळायला हवं होतं. पण मी संशयाच्या एवढ्या भरात होते की मला एकच गोष्ट सुचली, की मॅडमनी सगळ्यांना सांगितलंय.

मी तशीच, एका पायात बूट घालून, सामानाच्या खोलीत गेले. रागात माझी हिंदी कुठे गेली काय माहीत, घरची बोली तोंडाला आली. "तुमीच सांगतलं सगळ्यांले!"

"काय सांगितलं मी?"

"माह्ये डोळे मिटतात म्हनून!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे तू मला कधी सांगितलंस?"

 कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना झोप छान लागते एवढंच सांगितलं होतं.

"मॅचचे व्हिडिओ सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "तूही बघतेस."

मी बघायची, पण बॉलकडे बघायची. माझ्या तोंडाकडे कशाला बघेन, ते तर माझंच होतं. त्यांनी फोन काढला आणि गोलच्या बाजूने घेतलेला एक कॉर्नर लावला. मी उडी मारत होते. हात वर, तोंड वर, आणि डोळे लहान मुलं इंजेक्शनच्या वेळी मिटतात तसे गच्च. पुढे एक, मग आणखी एक. सगळ्यांत तसेच. कुणालाही दिसावं इतकं ठळक.

"तुला सोडून सगळ्यांना दिसतं," मॅडम म्हणाल्या. "तुझे तर त्या वेळी मिटलेलेच असतात."

मला हसू आलं आणि हसू आल्याचाच जास्त राग आला. "मग पहिल्याच दिवशी काहून नाई बोलल्या?"

"बोलले असते तर पुढच्या वेळी त्याचंही उत्तर पाठ करून आली असतीस."

 मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि रडले. आता टीममधून काढणार का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, काढायचं असतं तर सरांनी तेव्हाच काढलं असतं, मला या कामाला कशाला बोलावलं असतं? मग त्यांनी समजावलं ते साधं होतं. पापणीला एकदा मार बसला आहे, ती तिचं काम इमानदारीने करते आहे. त्यात भित्रेपणा नाही आणि तिला रागावून उपयोग नाही. वरून येणारा प्रत्येक बॉल म्हणजे कोपर नव्हे, हे तिला हळूहळू परत दाखवावं लागेल. आणि ते करायचं तर मला आधी ती मिटते हे मान्य करावं लागेल. माझा त्यावर विश्वास बसला असं नाही. पण लपवायला आता काही उरलंच नव्हतं, मग करून बघायला काय जात होतं?

स्पंजच्या बॉलपासून सुरुवात झाली. मॅडम बॉलवर रंगीत ठिपका काढायच्या आणि वरून फेकायच्या. मी उडी मारून पकडायचा आणि पकडायच्या आधी रंग ओरडून सांगायचा. लाल! हिरवा! सुरुवातीला एकटीने, मग एक मुलगी शेजारी उभी करून, मग दोघींनी उशा घेऊन मला ढकलत असताना. रंग सांगायचा तर डोळे उघडे हवेत, एवढीच युक्ती. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी लबाडी केली. डोळे मिटले होते, पण अंदाजाने ठोकून दिलं, "निळा!" मॅडमनी बॉल माझ्या हातातून घेतला आणि चारी बाजूंनी फिरवून दाखवला. त्यावर ठिपकाच नव्हता. बाबांनी सांगितलेला फसवा प्रश्न अखेर आला होता, आणि मी त्यात गेले होते. स्टॉपर पोट धरून हसत गवतावर लोळली.

तिला मी नंतर विचारलं की तू आधी कुणाला काही का बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलून काय होणार होतं, तू मारायलाच धावली असतीस. मग ओरडायची कल्पना कुणाची? तिचीच. मॅडम यायच्या आधीपासूनची. "तोर आँखी बंद होथे त मोला डर लागथे," ती म्हणाली. तुझे डोळे मिटतात तेव्हा भीती मला वाटते. बॉलला लाथ बसायच्या आधीच आवाज दिला तर कधी कधी माझे उघडे राहतात, हे तिने बघून ठेवलं होतं. ते ऐकून मला लाज वाटली आणि काही दिवस तिच्याशी नीट बोलताच येईना.

डोळे सुधारले, पण पुरते नाही. राज्याच्या निवडीला मला अनोळखी मुलींबरोबर खेळवलं. कानाशी ओरडणारं कुणी नव्हतं. काही कॉर्नर मी उघड्या डोळ्यांनी घेतले, एक-दोन मिटल्या डोळ्यांनी सुटले. संघ जाहीर झाला त्यात मी होते, पण राखीव गोलकीपर म्हणून. पहिली जागा बस्तरकडच्या एका मुलीला मिळाली.

बाबा ड्यूटीवरून परतले तेव्हा थंडीचे दिवस होते आणि अंगणात चांगलं ऊन आलं होतं. आंघोळ करून ते खाटेवर बसले, आईने तांदळाच्या पिठाचा गरम चिला वाढला, आणि मी निकाल सांगितला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"त्या मॅडमनंच सांगतलं निवडवाल्यांले. मी म्हटलं होतं ना? सायकोवाल्याचा भरोसा नाई."

"बाबा, असं काई नाई. माह्येच डोळे मिटतात कॉर्नरले." आणि मग मी सगळंच सांगितलं. भुवईचा मार, झाकाझाकी, मॅडमशी झालेलं बोलणं.

त्यांचा चेहरा उतरला. "तू तिले खरं सांगतलं?"

"सांगाची गरजच नोती, बाबा. सगळ्यांले दिसत होतं. कोच सरांले, पोरींले, सगळ्यांले. मलेच तेवढं वाटे का कोनाले समजत नाई. ते स्टॉपर तं कवापासून मले आवाज देत होती. मी सरांपाशी तिचीच तक्रार केली."

"आवाज म्हंजे?"

"कॉर्नर घ्याच्या आधी. देख ओ, म्हनून ओरडे."

"आधी?" बाबांनी विचारलं. "तुह्ये डोळे मिटाच्या आधी?"

"हव. त्याच्यासाठीच तं."

बाबांनी चिल्याचा तुकडा परत ताटात ठेवला.  मला वाटलं आता ओरडणार. पण ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"ते फाटक आहे ना," ते आईला म्हणाले. "तिथं माह्ये बी मिटतात."

ते फाटक आम्हाला माहीत होतं. मी लहान असताना रेल्वेच्या एका फाटकावर बाबांच्या गाडीखाली एक माणूस आला होता. स्वतःहून आला होता. बाबा काही दिवस घरी होते, आईने आम्हाला आवाज करू दिला नव्हता, आणि नंतर ते ड्यूटीवर गेले. त्या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आईने आत जाऊन गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली.

बाबा अडखळत सांगत होते. फाटक आलं की पापणी पडते. लगेच उघडते, पण पडते. डॉक्टरला सांगितलं असतं तर इंजिनावरून उतरवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. कुणाला कळलंही नाही. इंजिनात तसंही दोघंच असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. दोघांनीही सिग्नल मोठ्याने उच्चारायचा असतो, हा नियमच आहे. एक असिस्टंट होता, बिलासपूरकडचा, नवीनच लागलेला. बाकी सगळीकडे तो नेमाने, हलक्या आवाजात बोलायचा. पण ते फाटक दूर असतानाच जागेवरून उठायचा, बाबांच्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि सिग्नल एवढ्या मोठ्याने ओरडायचा की बाबा दचकायचे.

"मले वाटलं, मले शिकवून राहिला," बाबा म्हणाले. "कालचा पोट्टा, अन् माह्यावर आवाज चढवते. मले वाटलं, वरती दाखवाचं असन का म्हातारा झोपते अन् मी गाडी सांभाळतो."

"मग?"

"मग कंप्लेंट केली. याले माह्यासंग देऊ नोका म्हटलं. साहेबानं त्याले उभं करून लय झापलं. काहून ओरडते, सांग, म्हने." बाबांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "नाई सांगतलं त्यानं. एका शब्दानं नाई बोलला. बोलला असता तर माही लाईन तवाच गेली असती."

आई म्हणाली, "त्याचा नंबर आहे का तुमच्यापाशी?"

नंबर होता. बाबा फोन हातात घेऊन बसले, ठेवला, परत घेतला. इंजिनात आयुष्य गेल्याने त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात. पलीकडून ताबडतोब आवाज आला, "उस्ताद! नमस्ते, नमस्ते!" तो आता स्वतः ड्रायव्हर झाला होता. मागे इंजिन शेडमधला गोंगाट ऐकू येत होता.

बाबांना सुरुवात जमेना. "खाना हो गया?" त्यांनी विचारलं. झालं, तो म्हणाला. घरचे कसे आहेत, मुलं काय करतात, हेही विचारून झालं.   आईने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पलीकडचा गोंगाट कमी झाला. तो बहुतेक शेडबाहेर चालत आला असावा. मग त्यानेच हळू आवाजात विचारलं, "उस्ताद, उस फाटक पे अभी भी बंद होती हैं क्या?"

बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हव," ते म्हणाले.